चार बोटांची जागा

डावी कूस, उशी दुमडून मानेखाली, पंखा दोनवर. दुपारच्या झोपेचीही माझी एक ठरलेली रीत आहे आणि एरवी ती मला फसवत नाही. आज मात्र डोळे मिटले तरी सायकल समोरून हलत नाही. काळी, लाल पट्ट्यांची, पुढे आणि मागे सस्पेन्शन असलेली, डोंगरात चालवायची सायकल. संध्याकाळी सहा वाजता दुकानात जाऊन ती ताब्यात घ्यायची आहे. निर्णय माझाच आहे, आणि तरीही चपलेत खडा राहून गेल्यासारखे काहीतरी टोचत राहते.

सायकल माझी नात केतकी हिच्यासाठी आहे. वय तेवीस, उंची चार फूट साडेनऊ इंच, वजन बेचाळीस किलो. जानेवारीत ती मैत्रिणीची सायकल घेऊन यवतेश्वरचा घाट चढली. उतरताना एका वळणावर गुरे आडवी आली, तिने ब्रेक लावला, पाय टेकवायला गेली आणि पाय जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही. ती सीट आणि हँडल यांमधल्या आडव्या नळीवर आदळली, तिथून कोसळली, आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर घरातल्या सर्वांना वाटले, खूळ गेले. ते गेले नाही. पहिल्या नोकरीच्या पगारातून साठवलेले पैसे तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आजोबा, यात एकच सायकल येते. तीही मला जमली नाही, तर डोंगर माझ्या मापाचा नाही असं समजेन आणि गप्प बसेन."

तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला घरात मी एकटाच. म्हणून निवड माझ्याकडे आली. मी गिअर मोजले, ब्रेक तपासले, त्याच पैशात कुठे अधिक काय मिळते ते पाहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, घ्यायचीच तर जरा मोठी घ्या." आपल्याकडे गणवेश, बूट, स्वेटर, सगळे वाढत्या अंगाचे घेण्याची पद्धत आहे. मी मधल्या मापाची चौकट, म्हणजे फ्रेम, पक्की केली.

पंख्याची घरघर बारीक होत जाते. टिक, टिक, टिक. पायडल थांबल्यावर मागचे चाक मोकळे फिरते, तसा आवाज. मी उठून तो आवाज थांबवायला हात पुढे करतो, आणि माझा हात एका काळ्या टायरवर असतो. मी दुकानात उभा आहे.

गल्ल्याशेजारच्या उंच स्टुलावर इंदुमती बसली आहे.

इंदुमती माझी पत्नी. तिला जाऊन चार वर्षे झाली. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. आत्ताही पदर कमरेला खोचलेला आहे, गळ्यात शिट्टी आहे, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आहेत, आणि ते बूट जमिनीपासून वीतभर वर हलत आहेत. तिची उंची केतकीएवढीच. खरे म्हणजे केतकीची उंची तिच्याएवढी.

"ही?" ती हनुवटीने काळी सायकल दाखवते. "ही घालणार आहात पोरीच्या गळ्यात?"

"या किमतीत दोन्हीकडे सस्पेन्शन कुणी देत नाही," मी म्हणतो. ती मेलेली आहे हे मला ठाऊक आहे. पण त्याहून अधिक घाई मला माझी बाजू मांडण्याची आहे. "एकवीस गिअर आहेत. डिस्क ब्रेक आहेत."

"आणि पोरगी कुठे आहे त्यात?"

"सीट खाली घेता येते."

ती स्टुलावरून उडी मारून खाली उतरते. "हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही. सांगून ठेवते. जन्मभर हेच ऐकलंय मी. सीट खाली घ्या, बाही दुमडा, टाचणी लावा, खाली पाट घ्या!"

ती पाट म्हणते तेव्हा पाट तिच्या पायाखालीच असतो. दुकानातल्या सायकली भिंतीला टांगलेल्या आहेत तशाच आहेत, पण त्यांच्याखाली आमचा स्वयंपाकघरातला ओटा आहे, आणि तव्यावर पोळी फुगली आहे.

"आठवतो तो गवंडी?" ती लाटणे माझ्याकडे रोखते. "म्हणे, वहिनी, ओटा सगळ्यांचा एवढाच असतो. सगळ्यांचा म्हणजे कुणाचा? तो सहा फुटी. त्याने कधी पोळ्या लाटल्या होत्या का?"

"पाट मी सागवानी करून घेतला होता," मी सांगतो.

"हो ना. त्यावरून दोनदा पडले मी. सागवानी पडले."

मला हसू येते. तिला येत नाही. ती पोळी उलटते. "अहो, बुटक्या माणसाला हे जग दोनच गोष्टी देतं. एक तर पोरांची वस्तू, नाहीतर मोठ्यांची वस्तू आणि वर सल्ला. आमच्या अंगाची वस्तू कुणी करतच नाही. शाळेत ट्रॅकसूट आला, फ्री साइज. त्या साइजमध्ये फ्री कोण होतं? मी तर पायघोळात अडकून ध्वजवंदनाला पालथी पडले असते."

ओट्याच्या पलीकडून, पिठाच्या डब्यांच्या मधून, दुकानदार अमृतशेठ वाकून बाहेर येतो. त्याने जांभळ्या रंगाची एक सायकल धरली आहे. पुढे टोपली, मुठींना झालरी.

"वहिनी, मग हे लेडीज मॉडेल बघा. ताईंना अगदी शोभेल. भाजी आणायलाही बरं."

"यवतेश्वरच्या घाटात भाजी मिळते का?" इंदुमती विचारते.

"डोंगराचं जाऊ द्या हो. पडल्या ना एकदा?"

माझ्या कपाळाची शीर उठते. गेल्या आठवड्यात जागेपणी मी याच माणसाला लहान चौकट मागितली होती. तेव्हा त्याने जे उत्तर दिले तेच आताही देतो, तेच हसू तोंडावर ठेवून. "काका, स्मॉल कोण घेतं? आम्ही मागवतच नाही. उगाच जागा अडते."

"जागा अडते?" माझा आवाज मलाच मोठा वाटतो. "ज्यांच्यासाठी तुम्ही मागवत नाही, ते घेत नाहीत म्हणून तुम्ही मागवत नाही? हा कुठला हिशोब? पाय टेकले नाहीत म्हणून माझी नात पडली, आणि दोष तिच्या पायांचा?"

"आवाज चढवू नका, काका. सायकल मजबूत आहे. सतरा किलो वजन आहे."

"बेचाळीस किलोच्या मुलीला सतरा किलोची सायकल! तुमच्या अंगाच्या मानाने हिशोब करा. तुम्ही तीस किलोंचं धूड ढकलत घाट चढाल का?"

इंदुमती शिट्टी फुंकते. अमृतशेठ जांभळ्या सायकलीसह पिठाच्या डब्यांमागे जातो आणि डब्यांची झाकणे लागतात.

"चला," ती म्हणते, "राग आला हे बरं झालं. आता कामाला लागा. कॉलेजात पहिल्यांदा काय शिकवलं तुम्हाला?"

तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत कापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास आहे. लेथ फिरत आहे, पण तो चालवणारे कुणी नाही. माझ्या हातात एक गुळगुळीत लोखंडी दंड आहे आणि समोर भोक पाडलेला ठोकळा.

"आधी भोकाचं माप घ्यायचं," मी म्हणतो. "मग त्यात बसेल असा दंड करायचा. बसला नाही तर दंड बदलायचा. ठोकून बसवायचा नाही."

"मग केतकीचं माप घेतलंत?"

"चार फूट साडेनऊ."

"ती उंची झाली. डोकं बसतं का सायकलवर? पोरीच्या पायांची आतली लांबी किती? हात पुढे किती जातो? पंजा केवढा?"

गिअर मी दातांसकट मोजले होते. दंड बोटांतून निसटतो आणि खाली पडताना आवाज करत नाही, कारण खाली फरशी नाही, माती आहे. शाळेचे मैदान. कडक ऊन आहे पण अंगाला लागत नाही. खो-खोचे दोन खांब उभे आहेत, आणि इंदुमती छिद्रांच्या डब्यातून चुन्याची फक्की मारत मधली रेघ सरळ ओढत चालली आहे. रेघ कुठेही वाकत नाही. ती कधीच वाकायची नाही.

"इथे कुणी मला बुटकी म्हणालं नाही," ती पाठमोरीच बोलते. "म्हणजे म्हणायचे, पण घाबरून. बसलेल्या मुलींच्या मधून मी निघून जायचे आणि मागे फक्त हात राहायचे हवेत. का, सांगू? मैदानाला सस्पेन्शन नव्हतं. माझं अंग होतं तेवढ्यावरच काम भागत होतं."

"मागचं सस्पेन्शन नकोच," मी म्हणतो. शब्द माझ्या तोंडून निघतात तसतसे मला पटत जातात. "आपल्या पैशात जे मिळतं ते नावापुरतं. जाड स्प्रिंग. केतकीच्या वजनाने ती दबायचीही नाही. नुसतं लोखंड वाहून न्यायचं. पुढचं तेवढं असावं, तेही मऊ करता येईल असं. तेच पैसे हलक्या चौकटीत घालावेत. आणि चौकट सर्वांत लहान, आडवी नळी मागे उतरत गेलेली."

"अस्सं. आणि ब्रेक?"

"ब्रेकची दांडी मुठीजवळ आणण्याचा स्क्रू असतो. तो असलाच पाहिजे. बोटं ताणून ब्रेक लागत नाही."

"देव आठवतो," ती म्हणते, आणि आता पहिल्यांदा हसते. "बघा, सगळं येतं तुम्हाला. फक्त कुणासाठी चाललंय ते विसरता. या इकडे."

शाळेची भिंत आहे. ती भिंतीला पाठ लावून उभी राहते, पावलांत वीतभर अंतर ठेवते, आणि एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधोमध वर दाबून धरते, खोगिरासारखे. "इथपर्यंत माझे पाय. आता त्याच्या खाली चार बोटं लावा. फक्कीत बुडवून लावा, म्हणजे दिसतील."

मी डब्यात हात बुडवतो. चुना कोरडा, थंड, कणीदार आहे. पुस्तकाच्या खालच्या कडेला मी तर्जनी टेकवतो, तिच्याखाली बाकीची बोटे.

"आडवी नळी या चार बोटांच्या खाली," ती म्हणते. "डोंगरात केव्हाही उतरावं लागतं. तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर, आणि अंगात नि नळीत चार बोटं जागा. एवढंच मागणं आहे. ओटा नको, पाट नको, ट्रॅकसूट नको. चार बोटं. एवढीही मिळू नयेत?"

"मिळतील," मी म्हणतो.

"आज घ्यायला जाताय ती मोठी."

"नाही घेत."

"तुमचा मुलगा म्हणेल वाढत्या अंगाची घ्या. तेवीस वर्षांची पोर आता आणखी कुठे वाढणार आहे? त्याला विचारा."

मैदानाचा उतार वाढला आहे. मधली पांढरी रेघ वळत खाली जाते, डाव्या हाताला दरी उघडते, आणि हा यवतेश्वरचा घाट आहे. इंदुमती माझ्यापुढे उतरत आहे, छोट्या छोट्या, भराभर पावलांनी, प्रत्येक पाऊल जमिनीवर पूर्ण टेकवत.

"अगं, हळू!"

"तुम्ही लांब पायांचे. तुम्ही हळू या."

वळणावर ती दिसेनाशी होणार हे मला कळते. "केतकीला काय सांगू?"

"काही सांगू नका," तिचा आवाज वळणापलीकडून येतो. "सांगणारे पुष्कळ आहेत. सायकल द्या."

पंखा दोनवर आहे. माझा खालचा हात बधिर झाला आहे. स्वयंपाकघरात सूनबाईने चहाचे आधण ठेवल्याचा आवाज येतो. मी उठून बसतो आणि दुसऱ्या हाताने फोन घेऊन दुकानाला लावतो.

"अमृतशेठ, ती काळी सायकल बांधू नका. मला सर्वांत लहान चौकट हवी. मागे सस्पेन्शन नको. पुण्याहून मागवा."

"काका, तिला गिअर कमी येतात. दिसायलाही अगदी साधी. शिवाय आठवडा जाईल. त्यापेक्षा हिचीच सीट खाली..."

"सीट खाली घेतल्याने नळी खाली येत नाही. ते वाक्य पुन्हा उच्चारलंत तर मी दुसऱ्या दुकानात जाईन. माप थोड्या वेळात कळवतो. मापात बसली तरच घेईन."

केतकी दारात उभी आहे. फोनवरचे तिने ऐकले आहे. "आजोबा, रद्द केलीत? मग आता..." तिचा हात नकळत उजव्या मनगटाकडे जातो.

"बूट घाल. कपाटातलं एखादं जाड पुस्तक आण, आणि त्या भिंतीला पाठ लावून उभी राहा."

ती उभी राहते. पावलांत वीतभर अंतर ठेवायला सांगतो. पुस्तक कसे धरायचे ते समजावतो. ती लाजते, हसते, मग नीट धरते. मी शेजारी गुडघा टेकतो आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला चार बोटे लावतो.

"आजोबा, पेन्सिल घ्या ना. भिंत कशाला..." ती थांबते. "हाताला काय लागलंय तुमच्या?"

मी हात बाजूला घेतो. निळ्या भिंतीवर, पुस्तकाच्या कडेखाली, एकाखाली एक चार पांढरी बोटे उमटली आहेत. माझी बोटे पेरांपर्यंत पांढरी आहेत. नखांच्या कडांत बारीक, कोरडी कणी आहे. आमच्या घरात चुना नाही. भिंतींना तैलरंग दिला तेव्हापासून नाही.

"हलू नकोस," मी म्हणतो. मोजपट्टीचे एक टोक जमिनीवर टेकवतो आणि सर्वांत खालच्या बोटाखालचे माप वाचतो.