घणकाकाने धुतलेले पाय

घणकाकाचं प्रेमसुद्धा अंगावर यायचं. भंगाराच्या आवारात जुन्या गाड्या घणाने फोडण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि माणसांशीही तो तसाच वागे. त्याने पाठीवर शाबासकी दिली की तो माणूस दिवसभर खांदा चोळत बसायचा. तरुणपणी त्याने एका मुकादमाचे दात पाडले होते, सख्ख्या मेव्हण्याला जिन्यावरून खाली फेकलं होतं. बायकोवर मात्र कधी हात उगारला नाही. एवढं सोडलं तर त्याच्या नावावर सांगण्यासारखं काही नव्हतं.

तीच बायको आजारी पडून मिशनच्या दवाखान्यात गेली. तिथल्या आयाबाईने तिला शेवटपर्यंत सांभाळलं. तिचं हगणंमुतणं काढलं, केस विंचरले, आणि सुन्न बसलेल्या घणकाकालाही रागावून चार घास खायला लावले. बायको गेल्यावर हा माणूस चर्चला जाऊ लागला. त्याची मारामारी सुटली, असं पाळकसाहेब कौतुकाने सांगत. सुटली कसली, नुसता डोळा लागला होता तिचा.

आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांचे पाय चर्चच्या मंडळीने धुवायचे, असं पाळकसाहेबांनी ठरवलं. येशूने शिष्यांचे धुतले होते तसे. रविवारी उपासनेनंतर दवाखान्याच्या मागच्या पडवीत पाण्याचे टब मांडले. एकेकाला खाली बोलवायचं, म्हणजे वॉर्ड उघडा पडणार नाही, असा बेत होता. घणकाकाला तो पटेना. उपकार मानायचे ते असे लपतछपत कशाला, सगळ्यांना एका रांगेत मानाने बसवू, असा त्याने हेका धरला. त्याच्यापुढे पाळकसाहेबांचा काय पाड लागणार? बायकांच्या वॉर्डातली सिस्टर आली, सफाईवाला आला. आयाबाई येईना. कोपऱ्यातल्या म्हातारीचं लक्षण ठीक नाही, मी मागाहून येते, म्हणाली. घणकाकाने तिला दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ उचलूनच खाली आणलं.

तिचा पाय त्याच्या हातात होता, साबणाचा फेस होता, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. तेवढ्यात म्हातारीचा मुलगा जिना उतरून आला. तो औषध आणायला बाहेर गेला होता. परत येतो तर आई मरून पडलेली, वॉर्डात कामाचं माणूस एक नाही, आणि खालून मंडळीच्या गाण्याचा आवाज. सलाईनचा लोखंडी स्टँड उचलूनच तो आला होता.

"माझी आई वर मेली," तो म्हणाला, "आणि तुम्ही इथे पाय धुवून घेताय?"

सफाईवाला उठायला गेला, त्याच्या कानशिलावर पहिला घाव बसला. तो टबातच कोसळला आणि पाणी लाल झालं. दुसरा फटका सिस्टरच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाळकसाहेब हात जोडून मध्ये आले, त्यांच्या पोटात लाथ बसली. मग स्टँड आयाबाईच्या डोक्यावर उगारला गेला.

घणकाकाने तो वरच्यावर पकडून भिरकावला. त्या माणसाला गळ्याला धरून खांबावर आपटलं. एक ठोसा नाकावर, एक तोंडावर. ओठ फाटून दात बाहेर आला. त्याला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला आणि पुन्हा मारलं. खरं सांगायचं तर घणकाकाला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी हात मोकळे झाले होते.

आयाबाई ओल्या पायांनी घसरत आली आणि त्याच्या उगारलेल्या मुठीला लोंबकळली.

"मारताय कुणाला?" ती म्हणाली. "त्याच्या आईजवळून मला उठवलं कुणी?"

मूठ वरच राहिली. खाली तो माणूस रक्ताच्या गुळण्या टाकत आयाबाईला शिव्या देत होता, तुला जिवंत सोडत नाही म्हणत होता. घणकाका गप्प बसला असता तर सगळं तिच्यावरच शेकलं असतं, आणि तिने ते मुकाट्याने सोसलंही असतं. तो गुडघा काढून उभा राहिला.

"ती येत नव्हती," तो म्हणाला. "मी ओढून आणली."

त्या माणसाने धडपडत जाऊन स्टँड पुन्हा उचलला. घणकाकाने दोन्ही हात पाठीमागे धरले. पहिल्या घावाला खांदा गेला, दुसऱ्याला भुवई फुटली, तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला. आणखीही बसले. मग त्या माणसाचाच हात थकला आणि तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडू लागला.

धावत आलेले डॉक्टर सगळ्यांना सांगत होते की म्हातारी तशीही वाचली नसती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. म्हातारीला पुसून काढायला हवं, पाणी आणा, एवढं बोलून आयाबाई अनवाणीच वर गेली.

घणकाकाने धडक्या हाताने बादली उचलली. ज्या म्हातारीपायी एवढं रक्त सांडलं तिला त्याने नीट पाहिलंही नव्हतं. वर गेल्यावर त्याने पाहिलं. म्हातारीचा हात पांघरुणातून बाहेर आला होता. बोटं उघडी होती आणि आयाबाईच्या रिकाम्या स्टुलाच्या कडेपर्यंत पोचली होती.

बादली खाली ठेवून तो तिथेच उभा राहिला. तो हात उचलून पलंगावर ठेवायचं त्याला धाडस झालं नाही.