एकवीस दिवसांचं इंजेक्शन

मी आठवीत होते, धाकटी बहीण चौथीत. शाळेत दरवर्षी डॉक्टरीणबाई यायच्या. दात, डोळे, नखं बघून दोन मिनिटांत मूल मोकळं. त्या वर्षी मात्र बहिणीच्या छातीवरची नळी त्यांनी बराच वेळ हलवली नाही. मग मला वर्गातून बोलावलं.

"कल पापा को लेकर आना."

सांधे धरून येणारा ताप तिच्या हृदयापर्यंत पोचला होता. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, मोठी होईपर्यंत. "एक भी मत छोड़ना," बाई बाबांना म्हणाल्या. बाबा कापडमिलमध्ये होते. कामगारांच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका तिला गप्पांत गुंतवून हळूच सुई टोचायचे. दोन वर्षं एकही चुकलं नाही.

मग मिल बंद पडली, पाठोपाठ तो दवाखानाही. बाबा रोज सकाळी फाटकाशी जाऊन बसत. "दिवाळीपर्यंत चालू होईल," म्हणत. आई लोकांकडे पोळ्या करायला जाऊ लागली आणि बहिणीला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेणं माझ्याकडे आलं.

तिथे लांब लाइन, नर्स घाईत. बहीण लंगडतच घरी यायची. एकदा आमचा नंबर जवळ आला तसा तिनं माझा हात घट्ट धरला.

"ताई, आज नको ना. आईला सांग, लगवा लिया."

दुसऱ्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. मलाही कंटाळा आलाच होता. आम्ही परत फिरलो. रस्ताभर ती उड्या मारत चालली. आईला मी सांगितलं, "झालं." बहिणीला काही झालं नाही, म्हणून पुढच्या वेळीही गेलो नाही. त्याच्या पुढच्याही.

थंडीत तिचे गुडघे सुजले, ताप चढला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग बसल्याबसल्या. दवाखान्यात भरती केलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन छूटे थे क्या?"

"एक भी नहीं," आई म्हणाली. "बड़ी वाली ले जाती थी."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. ती बोलली नाही. मीही बोलले नाही.

अकराव्या दिवशी ती गेली.

मिल काही उघडली नाही. आई कितीतरी वर्षं म्हणत राहिली, "सगळी इंजेक्शनं दिली, तरी पोरगी राहिली नाही. दवाच खोटी असणार." एकदा, आम्ही दोघीच मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा सांगून टाकायचं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात आई म्हणाली, "तू किती केलंस गं तिचं."

मग नाहीच सांगता आलं.