दगडफुलावरचे काळे ठिपके

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड माहीत नाही. पण ऐका — आणि मधेच माझी बाजू घेऊ नका.

मी तापट. हे मी एके काळी ऐटीत सांगायचो. पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई, वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर, आणि घरात कॉलेज पाहिलेला पहिला मी. कंपनीने व्हीआरएस देऊन वडिलांना घरी बसवलं, त्याच सुमारास मी पीएच.डी.ला लागलो. वडील गल्लीत सांगायचे, पोरगा दगडफुलाचा डॉक्टर होणार. लोक हसायचे — मसाल्यातल्या दगडफुलाचा? हसणाऱ्यांची तोंडं मी लक्षात ठेवायचो.

काम खरंच त्याचंच होतं. दगडफूल म्हणजे एक जीव नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे तो. नुसत्या दिसण्यावरून त्यांची घराणी लावली तर फसगत होते, दोन सख्खी वाटणारी रक्ताने फार लांबची निघतात. म्हणून आम्ही आतल्या बुरशीचा डीएनए काढायचो आणि कोण कुणापासून फुटलं याची वंशावळ मांडायचो. झाडाच्या सालीवरून खरवडायचं, गोठवायचं, खलात कुटायचं, पुढचं यंत्रावर. शेवटचं वाचन बाहेरची एक कंपनी करून द्यायची. निकाल ईमेलने यायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर जिग्नेश. डभोईचा, गुजराती. कोयलीकडच्या झाडांवर रिफायनरीच्या धुरामुळे काही टिकायचं नाही, म्हणून नमुने त्याच्याच गावच्या आंब्यांवरून आणलेले. त्याच्या घरी जेवून आणलेले. त्याचा उजवा हात म्हणजे — काय सांगू? साध्या ब्लेडने दगडफुलाचा असा काप काढायचा की त्यातून छापील अक्षर वाचता यावं. आमच्यात तसं कुणालाच जमायचं नाही. मलाही नाही.

तर माझा एक नमुना वंशावळीत कुणाच्याच जवळ बसेना. वेगळीच फांदी! आमच्या गाइड मॅडम खूश. परिषदेत मांडायचं ठरलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले — हसणाऱ्यांच्या घरी आधी.

आणि एका दुपारी चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत, जिग्नेश म्हणाला, “अल्या मोरे, तें तो भाडूआतने ज घरनो मालिक बनावी दीधो!” भाडेकरूलाच घरमालक केलंस, म्हणे. माझ्या दगडफुलावर बारीक काळे ठिपके होते. ते ठिपके म्हणजे दुसरीच बुरशी, पहिलीच्या अंगावर फुकट जगणारी. भिंगाखाली ती खरवडून मगच कुटायचं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. मी घाईत सगळं एकत्र कुटलं होतं. वाचला गेला तो ठिपक्यांचा डीएनए. सगळे हसले. मॅडमसुद्धा — तोंडावर पदर धरून, पण हसल्या.

तो खरं बोलत होता का? हो. मला कळलं होतं का? त्याच क्षणी.

बाकीचे लेक्चरला गेले. प्रयोगशाळेत मी एकटाच उरलो. जिग्नेश आत आला, हातात काचपट्टी. नवा काप काढून आणला होता, माझ्यासाठी. “ले, जो तो खरो,” म्हणाला. बघ तरी. अजून हसत होता. म्हणजे — मला वाटलं की हसतोय.

खलाचा बत्ता माझ्या हातात होताच. कानाच्या वर मारला. आवाज खरबूज फुटल्यासारखा झाला. तो खाली बसला, टेबलाची कड धरायला गेला, तर मी पुन्हा मारला. मग लाथा. पोटात, बरगड्यांत. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता फरशीवर हात फिरवत होता, काचेचे तुकडे गोळा केल्यासारखा. तो उजवा हात मी पाहिला. इथपर्यंत राग म्हणता येईल. पुढचं नाही. मी थांबलो, विचार केला, आणि बुटाच्या टाचेने ती बोटं चिरडली. सगळं वजन टाकून. हाडं मोडताना टाचेला कळतं.

मग भीती. कोपऱ्यात गॅसचा उंच सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला होता. साखळी मी काढली. सिलिंडर आडवा केला. बत्ता धुतला. आणि बोंब मारली.

सर्वांना सांगितलं, सिलिंडर पडला त्याच्यावर. साखळी कुणी लावली नव्हती? त्या आठवड्यात ते काम जिग्नेशकडे होतं. मी एवढंच म्हणालो. रिक्षात त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेणाराही मीच. शर्टभर रक्त. त्याची आई माझ्या पायांकडे वाकली. मी वाकू दिलं.

शुद्धीवर आला तेव्हा त्याला ती दुपार आठवत नव्हती. त्यानंतर कधीच आठवली नाही. तो माझी माफी मागत होता — साखळी विसरलो, तुला केवढा त्रास दिला, यार.

बोटं परत मिटली नाहीत. त्याने संशोधन सोडलं. मी मात्र त्याचंच म्हणणं पुढे नेलं. दगडफुलाची बुरशी ओळखीच्या घराण्यातली निघाली, वेगळी फांदी होती ती काळ्या ठिपक्यांची. त्या ठिपक्यांवर मला डॉक्टर म्हणतात. पाटी लावली आहे दारावर.

जिग्नेशचं आता डभोईत बियाण्यांचं दुकान आहे. डाव्या हाताने पुड्या बांधतो. मी गेलो की शटर अर्धं ओढून घरी जेवायला नेतो. परवा त्याची मुलगी स्टोव्हवरचं दूध विसरली, तर तिला उजवा हात दाखवून म्हणाला, “जो, बेदरकारीनुं आवुं थाय.” निष्काळजीपणाने असं होतं. मग माझ्याकडे वळला, “खरुं ने, मोरे?”

मी म्हणालो, खरं आहे.

तो जिवंत आहे, घरी फोन आहे, बस तासाभराची. हे सगळं मी मराठीत लिहिलं. त्याला मराठी येते ती मी शिकवलेल्या शिव्यांपुरतीच. लिहायला बसण्याआधीच मला ते माहीत होतं.