थंड इंजिन, लाल लाइट

बाभळीखाली बसून ट्रॅक्टर थंड व्हायची वाट पाहणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम.

सकाळचे दहा वाजले असतील. वावरात कापूस वेचणं चालू होतं. बायको वेचायला धरलेल्या ओळीची पात अर्धी टाकून धुऱ्यावर, मी उभा होतो त्या बांधावर आली. चाळीस वर्षांत तिनं अर्धी पात कधी टाकली नव्हती. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. कळलं नाही.

"पाठीत चमकून राह्यलं," ती म्हणाली. "पित्त झालं वाटते. घरी चला."

"सकाळी उपाशी कोनी सांगितलं होतं निघायले?"

"तुमच्या भाकरी थापता थापता राह्यलं. चला आता."

आमचा ट्रॅक्टर लहान आहे, कपाशीच्या दोन ओळींमधून जाणारा. ती नेहमीसारखी मडगार्डवर बसली, एक हात माझ्या खांद्यावर. वावर ते घर, रस्ता दोन किलोमीटर. अर्ध्यावर आलो आणि मीटरवरचा लाल लाइट लागला. इंजिन तापलं की तो लागतो.

"लाल लागला," ती म्हणाली.

"लागू दे. घर आलंच."

"थांबवा म्हनते ना. मागच्या खेपेलेही तुम्ही असंच म्हनलं होतं. मंग सोयाबीन दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं पेरा लागलं."

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी लाल लाइट लागलेला असताना मी तसाच नांगरत राहिलो आणि इंजिन जाम झालं. तेव्हापासून तिचा कायदा होता, लाल लागला की उभं राहायचं. तिच्याच सांगण्यावरून मी पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन बोनटच्या बाजूला तारेनं बांधली होती. रोज सकाळी निघताना बायको ती कॅन पाण्यानं भरायची. रेडिएटरला पाणी हाताशी असावं म्हणून.

मी ट्रॅक्टर थांबवला. बाभळीखाली बसलो. तिनं पदराच्या गाठीतल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या. स्वतः खाल्ल्या नाहीत, सोलून माझ्या हातावर ठेवत गेली.

"तुमच्यापेक्षा ट्रॅक्टर बरा," ती म्हणाली. "तापला तर लाइट तरी दाखवते."

मी हसलो. ती हसली नाही. कपाळावर घाम होता, आणि हवा तर गार होती.

थोड्या वेळानं मी चावी फिरवून पाहिली. लाल लाइट तसाच. परत बसलो. असा अर्धा तास गेला. मग तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या आणि ती बाभळीच्या बुंध्याला टेकली. मी हाक मारली. ती "हो" म्हणाली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मागून एक जीप आली, मी हात केला. बायकोला जीपमध्ये घालून मोताळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, थोडं आधी आणायचं होतं."

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मुलगी चिखलीहून आली होती. शेजाऱ्यानं रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणून अंगणात लावला. स्मशानातून आल्यावर मुलीनं एकच गोष्ट विचारली.

"बाबा, वावर तर इथंच आहे. इतका वेळ काऊन लागला?"

"ट्रॅक्टर तापला होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पटलं तिला. मलाही पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया घरात जमल्या. बायकोला जिथं ठेवलं होतं तिथं पीठ पसरून, त्यावर दिवा लावून टोपलं झाकलं होतं. सकाळी टोपलं उचलून पिठात कशाचं पाऊल उमटलं ते पाहतात. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं म्हणे. कोणी म्हणे चिमणीचं आहे, कोणी म्हणे गाईचं. मला ते ऐकवेना. भेटायला येणाऱ्या माणसांना बसायला जागा पाहिजे म्हणून मी ट्रॅक्टर अंगणाबाहेर काढायला गेलो.

चावी फिरवली. इंजिन अजून चालू केलं नव्हतं. लाल लाइट लागला.

खाली उतरून मी रेडिएटरला हात लावला. त्यावर दव होतं.

बोनट उघडलं. इंजिनावर एक लहान बोंडासारखा सेन्सर असतो, त्याला एकच वायर. मी ती वायर उपसली. सेन्सर खराब असता तर लाइट विझला असता. विझला नाही. म्हणजे दोष वायरीत. ती बोटांनी चाचपत मागे गेलो आणि कॅनपाशी थांबलो. मी कॅन बांधायला वापरलेली लोखंडी तार वायरीवर घासून घासून वायर सोलली होती. आतलं तांबं पत्र्याला टेकलं होतं. टेकलं की लाइट लागणार, इंजिन तापलेलं असो की नसो.

आठ दिवसांपासून लाइट अधूनमधून लागत होता. दर वेळी मी झाकण उघडलं की रेडिएटर काठोकाठ भरलेला. पंख्याचा पट्टा ताठ. मग इंजिन तापतं कशानं, हा विचार या डोक्यात आला नाही. कापूस संपला की मिस्त्रीला दाखवू म्हणत राहिलो. एक वायर उपसायला किती वेळ लागतो? मी आता मोजला नाही, पण बाभळीखाली एक शेंग सोलायला लागतो तेवढाच.

कोणाला सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. पण मुलगी माझ्या शब्दावर मान हलवून बसली होती.

मी दारातून हाक मारली. ती आली, हाताला पीठ लागलेलं.

"इथं हात लाव."

तिनं रेडिएटरला हात लावला. "थंडगार आहे."

"आता लाइट पाहा."

ती बराच वेळ लाइटकडे पाहत राहिली. मी तिला घासलेली वायर दाखवली.

"म्हंजे काल..."

"काल बी तापला नव्हता."

ती खाली बसली, ट्रॅक्टरच्या चाकापाशी. रडली नाही. आईसारखीच आहे. मग म्हणाली, "आईनंच थांबवलं असंल. लाल लागला की ती पुढं जाऊ देत नव्हती."

"नाही," मी म्हणालो. "ती तर चला म्हनत होती. मीच थांबलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कॅनची तार सोडायला लागलो. कॅन भरलेली होती, आदल्या दिवशी सकाळी तिनं भरलेली. ती तशीच उचलून ओट्यावर ठेवली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वायरीला गुंडाळली, वायर परत सेन्सरला लावली, चावी फिरवली. लाइट लागला नाही.

ट्रॅक्टर बाहेर काढला आणि अंगण झाडून घेतलं.