खिमवहिनीचा नवस

आमच्या ताइनानच्या बाजारात माशाचं सूप म्हणजे खिमवहिनी. तिच्या शेजारी मी तीस वर्षं भाजी विकतेय, पण तिला इतकं गोंधळलेलं कधी बघितलं नव्हतं. मीही काही कमी गोंधळले नव्हते म्हणा.

तिच्या नवऱ्याचं, बुनलोंगदादाचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. छान झालं म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात छातीच्या टाक्यांतून पू यायला लागला. डॉक्टरांनी छाती पुन्हा उघडली, हाडाला बांधलेल्या तारा काढल्या आणि शिवायचं सोडून त्या खळग्यात स्पंज भरला. स्पंजाला नळी, नळीला यंत्र. ते आपलं घाण ओढत बसायचं.

"अगं, जखम शिवतात की उघडी टाकतात?" वहिनी मला विचारायची. मी काय सांगणार, कपाळ?

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "घाण गेली की छातीचाच स्नायू सरकवून खळगा झाकू. पण यांच्या अंगात काही नाही. असंच राहिलं तर जखम भरायची नाही, माणूस हातचा जाईल. मासे, अंडी का खात नाहीत हे?"

का ते वहिनीला ठाऊक होतं. ऑपरेशनच्या दिवशी ती माझूदेवीला नवस बोलली होती: हा जगू दे, आम्ही दोघं जन्मभर मासमच्छी, अंडं तोंडात घालणार नाही. तेही दादाला न विचारता. टोफू बघितला की तो तोंड फिरवायचा, नुसत्या पेजेवर होता.

"नवस मोडला तर देवी नेईल, पाळला तर जखम नेईल," ती म्हणाली. "काय करू गं मी?"

"मला काय विचारतेस? जिला बोललीस तिला विचार."

देवळात तिने लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून कौल लावला. "आई, नवस मोडू का?" दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली, ना हो ना नाही. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. वहिनी फरशीवर बसून रडायला लागली. "माझा माणूस मरतोय आणि ही हसते."

मला राग आला, देवीचा नाही, वहिनीचा. "देवी हसते म्हणजे तुझा प्रश्न धड नाही. नवस बोललं कोण? तू. मग त्याच्या ताटावर का लादतेस?"

तिने डोळे पुसले, चंद्रकोरी उचलल्या. मग म्हणाली, "आई, त्याला सोड. त्याच्या वाटचंही मी एकटी पाळते."

एक कोर पालथी, एक उताणी. होकार. लागोपाठ तीनदा.

दुसऱ्या दिवसापासून दादाला आलं घातलेलं माशाचं सूप सुरू झालं. महिन्याभराने स्नायू सरकवून छाती बंद केली.

आता तो दुकानात बसतो. परवा गिऱ्हाइकांसमोर कुरकुरला, "खारट झालंय. तीस वर्षांत तुझ्या हाताला असं कधी झालं नव्हतं."

वहिनीने पळी त्याच्या हातात दिली. "मग आता तुम्हीच चाखत जा की. त्यासाठीच तर तुम्हाला मागून घेतलंय."