कंदुरीच्या आधी शिगडी

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मला सासरी येऊन एकच. भालकीजवळच्या त्या खेड्यात आमचं घर भांड्याकुंड्यांनी भरलेलं, पण त्यातली एक वाटी माझी म्हणावी तर न्हाई.

गोठ्यात कडब्याखाली आजेसासऱ्यांची लोखंडी शिगडी सापडली. वर सळ्यांची जाळी. दर्ग्याला नवसाचं बोकड कापून कंदुरीचं जेवण घातलं की तिच्यावर काळीज भाजायचे. सगळी गंजून लाल झालेली. सासूबाई म्हणाल्या, "लोव्हाराला देऊ. चार विळे तरी व्हतील."

मी पटकन बोलून गेले, "कंदुरीपर्यंत ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. मी करते साफ."

"बघू की तुझी करामत. जाळीला मटण चिकटलं तर दुसऱ्या दिवशी लोव्हाराकडं!"

कंदुरीला आठ दिवस होते. विटेच्या भुग्यानं घासली, मग देवाच्या तांब्याला लावतो तशी चिंच लावली, घागरभर पाण्यानं धुऊन अंगणात ठेवली. काय चकाकत होती! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. सकाळी बघते तर पुन्हा लाल. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, "काय गं, शिगडीसंगं रंग खेळायलीस का?" मला रडूच फुटलं.

त्याच रागात भाकरी थापायला बसले. तव्यावर भाकरी टाकली आणि हात तिथंच थांबला. अगं बाई! ह्या तव्याला जन्मात कुणी चिंच लावलीय का? तरी काळाभोर, ना गंज, ना भाकरी चिकटते.

शिगडी पुन्हा घासली, ह्या वेळी कोरडीच. जाळीला करडीचं तेल चोळलं आणि निखाऱ्यावर तापवली. निवली की परत तेल, परत निखारे. पाच दिवस हेच. धुरानं डोळे सुजले, पण सळ्या काळ्याभोर झाल्या.

कंदुरीच्या दिवशी सासऱ्यांनी काळजाचे तुकडे जाळीवर मांडले. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. सासऱ्यांनी एकेक तुकडा उलटला. सगळे अलगद सुटले. "जमलं की पोरीला!" ते म्हणाले. मी अशी फुगले की काय सांगू!

आठवड्यानं शेजारीण शिगडी मागायला आली. सासूबाई जागच्या हलल्या न्हाईत. "मला कामून विचारायलीस? शिगडी सुनेची हाय. तिला विचार."

मी चुलीपाशीच होते, सगळं ऐकलं होतं. तरी हात पुसत, मुद्दाम सावकाश बाहेर आले.