गोलामागचे अण्णा

“आदी भिजवून बघा की,” हे अण्णांचं पालुपद. विषय टरबुजाचा असो, होणाऱ्या जावयाचा असो नाहीतर सरकारच्या नव्या कायद्याचा, अण्णा अंगठ्याला जीभ लावत आणि हवेतच कापडाचा काठ चोळून दाखवत. सोलापुरात रंगीत कापड घेताना सगळेच हे करतात. ओला अंगठा काठावर चोळायचा, अंगठ्याला रंग लागला तर कापड परत. पण अण्णा स्वतः रंगाचे व्यापारी. व्यापारीच गिऱ्हाइकाला असं सांगतो याचं नवख्याला मोठं कौतुक वाटे. आम्हाला वाटत नसे, कारण आमच्या गल्लीला आतली गोष्ट ठाऊक होती.

अण्णांनी एकदा कच्चा लाल रंग पक्का म्हणून विकला होता. आमच्या विणकरांनी त्यात सूत रंगवलं, लुगडी विणली, आणि पहिल्याच धुण्यात लुगड्यांनी बादल्या लाल केल्या. बाजारानं माल परत धाडला. नरसय्याचे दोन्ही माग त्यात बंद पडले आणि तो गिरणीत नोकरीला लागला. खटला उभा राहिला तेव्हा अण्णांनी वकिलाचं न ऐकता, “व्हय, मला ठावं हुतं,” असं कोर्टात सांगून टाकलं आणि तुरुंगात गेले. परत आले ते डोकं पांढरं घेऊन. त्यानंतर त्यांच्या अंगावर पांढऱ्याखेरीज दुसरं कापड मी पाहिलं नाही.

आमचा फुटबॉलचा संघ म्हणजे मागावरून उठून आलेली अनवाणी पोरं. बघणारे आम्ही त्यांच्याहून जोरात खेळायचो, अर्थात तोंडानं. मी गिरणीतला कारकून, पण मैदानावर माझ्या शिव्यांना मान होता. अण्णा मात्र आमच्यात कधी बसले नाहीत. गोलाच्या मागं, बाभळीपाशी उभे राहायचे आणि काट्यात गेलेला बॉल काढून द्यायचे.

“या की अण्णा, हिकडं बसा.”

“नको. मी आपला हितंच बरा हाय.”

मग गिरणीनं आमच्या मैदानावर गोदाम बांधायला काढलं आणि संघ उघड्यावर आला. तेव्हा अण्णांनी मला वाटेत गाठलं. गावाबाहेर त्यांची सूत वाळवायची मोठी मोकळी जागा होती, तिथं विहीरही होती. ती ते कायमची संघाला द्यायला निघाले होते, आणि दर साल खेळाडूंना सदरे.

“बदल्यात काय घेणार?” मी विचारलं.

अण्णा बराच वेळ उपरण्याची दशी वळत राहिले. “काय न्हाय ओ. माज्या हातचं कापड गल्लीनं एकदा न भिजवता अंगात घालावं. तेवडंच.”

मी हे गुलामभाईंच्या हॉटेलात सांगितलं आणि एकच गलका झाला. चहा गार झाला तरी कुणी कप उचलेना.

“चोराच्या मैदानात खेळायचं व्हय?” नरसय्या म्हणाला. “भाईरची लोकं काय म्हनतील?”

“जेल में वो गया था, जमीन थोडी गई थी?” गुलामभाईंनी विचारलं.

तोड काढली आमच्या मास्तरांनी. ते संघाचे सेक्रेटरी. त्या दिवसांत स्वराज्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाला गावोगाव हार पडत होते. बाहेरच्यांना सांगायचं, अण्णा मिठासाठी तुरुंगात गेले होते! सगळ्यांना पटलं. जमीनही मिळणार, अब्रूही राहणार. मलाही पटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

नव्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला दुसऱ्या गावचा संघ आला. मास्तर खुर्चीवर चढून मिठाची कहाणी सांगू लागले. टाळ्या पडल्या. गोलामागून अण्णा तरातरा चालत आले. 

“मिठासाटी न्हाय गेलो,” ते म्हणाले. “रंगासाटी गेलो. ह्यो नरसय्या बसलाय न्हवं, त्याला इचारा.”

एवढं बोलून ते पुन्हा गोलामागं गेले. मास्तर खुर्चीवरून कसे उतरले ते त्यांनाच माहीत.

पण खरी लाज पुढंच होती. आमची पोरं अण्णांनी दिलेले सदरे घालून उतरली. लालभडक सदरे! सोलापूरचं ऊन, पोरं घामानं निथळू लागली, आणि आम्ही सगळे बॉल सोडून त्यांच्या काखांकडं बघत बसलो. आता रंग उतरेल, मग उतरेल. आमच्या पोरानं गोल मारला, तर टाळी पाहुण्यांनी वाजवली. मध्यंतरात नरसय्या उठला, विहिरीवरून घागर भरून आणली आणि भर मैदानात गोलकीपरच्या अंगावर ओतली. त्याला कुणी अडवलं नाही. आम्हाला ते हवंच होतं.

अण्णा पुढं आले. खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून त्यांनी नरसय्याच्या हातात दिलं. “ह्यानं पूस,” म्हणाले. नरसय्यानं ते ओल्या सदऱ्यावर जोर लावून चोळलं, पुन्हा चोळलं. उपरणं होतं तसंच पांढरं राहिलं.

अण्णांनी ते घडी करून परत खांद्यावर टाकलं. “आता फुडच्या डावात जरा बॉलकडं बघा,” एवढंच ते बोलले. हसायला हवं होतं, पण आमच्यापैकी एकाचीही मान वर झाली नाही.

पुढं दर साल सदरे येत. उघड्यावर भिजवायची हिंमत आम्हाला पुन्हा झाली नाही. आम्ही ते घरी नेऊन भिजवायचो. माझ्या परसातली बादली मला आजही दिसते. अण्णांना हे कळत होतं का? रंगवाल्याला भिजून वाळलेलं कापड ओळखू येत नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं.

अण्णा गेले तेव्हा सगळा संघ लाल सदरे घालून त्यांच्या मागं गेला. माती देऊन परतताना रिवाजाप्रमाणं मैदानातल्या विहिरीवर सगळ्यांनी अंगच्या कपड्यांनिशी आंघोळ केली. पोरांचे डोळे रडून लाल झाले होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर घागरी ओतत होतं. सदऱ्यांवरून ओघळलेलं पाणी विहिरीच्या पांढऱ्या फरशीवर पसरलं, आणि आम्ही सारे जाणते बापये खाली वाकून त्या पाण्याकडं बघू लागलो.

पाणी नितळ होतं.

शेजारी नरसय्या उभा होता. त्यानं ओल्या पंच्यात तोंड घातलं.

“बॉलकडं बघा म्हनला हुता त्यो,” नरसय्या म्हणाला.